मापसाहेबांचा शनी

माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याचं ऑफिस सुटतं आणि ऑफिसातल्या सगळ्या सवयी घरावर येऊन पडतात, हे काकूंना आधी कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर निरोपसमारंभात पुष्पगुच्छ हातात धरून त्या एवढ्या प्रसन्न हसल्या नसत्या.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. सगळी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. बाजारात त्यांची सावली पडली तरी काटे सरळ व्हायचे, असं ते स्वतः सांगत. दुसऱ्या कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही. इमारतीत सगळे त्यांना मापसाहेब म्हणत, आणि त्यात चेष्टा किती नि आदर किती हे मात्र त्यांनी कधी मोजलं नव्हतं. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरला नाही, तेव्हा त्यांनी मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. साखरेचा चमचा दर वेळी सारखा भरत नाही, हा त्यांचा पहिला शोध. मग कप मोजले गेले, आणि एकाच संचातले दोन कप एकमेकांशी प्रामाणिक नाहीत असं सिद्ध झालं. काकूंनी जन्मभर अंदाजाने रांधलं होतं, आणि घरातलं कुणी त्याने दगावलं नव्हतं. पण आता फोडणी तडतडत असताना मानेमागून आवाज यायचा, "अगं, चिमूट म्हणजे नक्की किती?"

"चिमूट म्हणजे चिमूट," काकू म्हणायच्या.

"हे माप नाही. ही अफवा आहे."

एवढ्यावर भागलं असतं तर काकूंनी सोसलं असतं. नवरा नावाच्या गोष्टीला त्या काळी बायका बरंच सोसत. पण स्वयंपाकघरातलं मोजून संपलं की काका पलंगाच्या कडेला जाऊन बसत. ऑफिसचे बूट घालून, नाड्या बांधून. कुठे जायचं नसायचं, कुणी बोलावलेलं नसायचं. कुणीतरी येऊन 'साहेब, चला, एक काटा तपासायचाय' म्हणेल अशा बेताने बसलेले. ते मात्र काकूंना बघवेना. ह्या माणसाला काहीतरी काम लावून दिलं पाहिजे, असं त्यांनी धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं.

धाकटी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. पुढच्या खेपेला ती एक कुंडी घेऊन आली. कुंडीत हाताच्या पंजाएवढं रोप; त्याच्या प्रत्येक पानाच्या टोकाला उघडा जबडा आणि जबड्याला पापण्यांसारखे दाते. कीटक आत शिरला की जबडा मिटतो आणि रोप त्याला पचवतं. "भाऊजी, ह्याची हालचाल बघा. मोठमोठे शास्त्रज्ञ ह्यापुढे डोकं धरून बसलेत," ती म्हणाली. ते शास्त्रज्ञ डोकं धरून बसलेत हे ऐकल्यावर आपलं डोकं रिकामं असल्याची काकांना जाणीव झाली असावी. त्यांनी बूट काढले.

रोपाचं नाव पडलं माशीखाऊ. आता माशी आणायची कुठून? काकूंचं घर असं लख्ख की चुकून माशी आत आली तर चूक कळून परत जाई. शेजाऱ्यांनी मात्र सल्ल्यांची कमतरता भासू दिली नाही. समोरच्या वकीलबाई म्हणाल्या, झाडालाच शाकाहाराची सवय लावा. वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरने उकडलेलं अंडं सुचवलं आणि 'दिवसातून दोनदा, जेवणानंतर' असंही सांगितलं. कुणाच्या जेवणानंतर, ते सांगितलं नाही. शेवटी काकांनी गॅलरीत साखरेच्या पाण्याच्या बशा मांडल्या. माशा आल्या. पण माशांना फ्लॅट नंबर वाचता येत नसल्याने त्या सगळ्यांकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या चिटणीसांनी फलकावर सूचना लावली: 'इमारतीत माशा पाळण्यास सक्त मनाई आहे.' काका खाली जाऊन ती चष्मा लावून वाचून आले.

"कोणत्या नियमाखाली?" त्यांनी चिटणीसांना विचारलं.

"पाळीव प्राण्यांच्या."

"त्यात कुत्रा आहे, मांजर आहे. माशी दाखवा."

माशी काही दाखवता आली नाही, म्हणून चिटणीसांनी नगरपालिकेला कळवलं. आरोग्य खात्याचा माणूस आला, बशा बघितल्या, म्हणाला, "आमचं काम माशा मारायचं. ठेवायची परवानगी आम्ही कशी देणार? पशुवैद्यकीय विभागात विचारा." पशुवैद्यकीय विभाग म्हणाला, आमचं काम चार पायांपर्यंत; पुढचे पाय आमच्याकडे येत नाहीत. उद्यान विभागाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की झाडाला पाणी घालायला हरकत नाही, मात्र झाडाला जेवू घालण्याची आमच्याकडे पद्धत नाही. काकांना ह्या सगळ्याचा राग आला नाही, उलट त्यांचा चेहरा खुलला. इतक्या महिन्यांनी ते ऑफिसात गेले होते, भले दुसऱ्याच्या का असेना.

ह्याच सुमारास दुर्बीण माळ्यावरून खाली आली. ती त्यांना खात्याने निरोपाला दिली होती. त्यांनी खरं तर भिंग मागितलं होतं, पण खरेदी विभागाकडे 'दृष्टीस साहाय्यक उपकरण' ह्या सदरात दुर्बीणच मंजूर होती. इतके दिवस ती माळ्यावर पडून होती. आता काकांना वाटलं की शास्त्रज्ञाने एकच विषय धरून बसू नये. गच्चीची किल्ली चिटणीसांकडे. माशांच्या प्रकरणात हरल्याने ते आधीच घुश्श्यात होते. त्यांनी अट घातली की सूर्यास्तानंतर जायचं आणि टाकी भरायला माणूस आला की उतरायचं. त्या मोसमात शनी अंधार पडताच दिसायचा. म्हणून काका शनी बघू लागले.

"शनी? स्वतःहून?" वकीलबाईंनी जिन्यात काकूंना गाठलं. "अहो, लोक तो मागे लागू नये म्हणून जीव टाकतात, आणि हे त्याच्या मागे लागलेत?"

"सध्या माझ्या मागे नाहीत, एवढं पुरे आहे," काकू म्हणाल्या.

आणि खरंच पुरे होतं. आकाश निरभ्र असलं की संध्याकाळी काका दुर्बीण खांद्यावर टाकून वर जायचे. दिवसभरात त्यांचं टेबल मोकळं सापडायचं ते तेवढाच वेळ. काकू लगेच फडकं घेऊन त्यावर तुटून पडत. कागद झटकत, टाक-दौत सरळ लावत आणि शेवटी माशीखाऊकडे वळत. ज्याचं तोंड दिवसभर उघडं त्याच्या तोंडात धूळ जाणारच, असा त्यांचा साधा हिशेब. म्हणून त्या मऊ फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून एकेक जबडा आतून पुसायच्या. पुसला की तो हळूच मिटायचा. चांगल्या वळणाचं झाड आहे, काकूंना वाटायचं. तोंड पुसलं की मिटतं. आपल्या दोन्ही मुलांनी एवढं कधी ऐकलं नाही.

आभाळ आलं की काका घरीच टेबलाशी बसत. तेव्हा पुसणं नाही.

आता शास्त्रज्ञाच्या बाजूने बघा. गच्चीवरून शनी बघून खाली यावं, तर माशीखाऊचे सगळे जबडे मिटलेले, आणि आत माशी तर नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते पुन्हा उघडलेले. पुन्हा शनी, पुन्हा बंद. ढगाळ संध्याकाळी मात्र सताड उघडे. काकांनी हे आठवडेच्या आठवडे पारखून घेतलं, कारण घाईने निष्कर्ष काढणाऱ्यातले ते नव्हते. एक दिवस ते स्वयंपाकघराच्या दारात आले, पण चमचा तपासायला नाही. 

"अगं, त्याला शनी कळतो."

"कुणाला?"

"माशीखाऊला. शनी दिसत असला की ते तोंड मिटतं. इतक्या लांबच्या ग्रहाचा परिणाम! जगात कुणाच्या लक्षात आलेलं नाही हे."

दूध उतू जायच्या बेतात होतं, त्यामुळे काकूंचं विज्ञानाकडे दुर्लक्ष झालं. "शनी म्हटल्यावर कुणीही तोंड मिटेल," एवढं बोलून त्या भांडं उतरवायला धावल्या. नाही तर प्रकरण तिथेच आटोपलं असतं.

गावात एक विज्ञान मंडळ होतं. त्याचे अध्यक्ष म्हणजे काकांचे जुने वरिष्ठ, मोठे साहेब. ह्यांनीच निरोपाच्या भाषणात म्हटलं होतं की आमच्या ह्या मित्राने आयुष्यभर दुसऱ्यांचं मोजलं, स्वतःचं मोजण्यासारखं काही केलं नाही. सभेत हशा झाला होता. काकाही हसले होते, आणि घरी येऊन जेवले नव्हते. काकांनी आपला शोध मंडळाला लिहून कळवला, आणि आता त्याच मोठ्या साहेबांच्या सहीचं निमंत्रण आलं: हौशी संशोधकांच्या सभेत व्याख्यान द्या, आणि शक्यतो प्रयोग करून दाखवा. इमारतीत बातमी पसरली. ज्या फलकावर माशांची मनाई लागली होती त्याच फलकावर चिटणीसांनी 'आपल्या इमारतीतील शास्त्रज्ञ' असं ठळक अक्षरात लिहिलं. काकांनी कोट इस्त्रीला टाकला, आणि कपाटाच्या आरशासमोर रोज व्याख्यान सुरू झालं. आरशाने एकही शंका विचारली नाही.

अशात धाकटी आली. माशीखाऊकडे बघून तिचा चेहरा उतरला. दोन-तीन जबडे काळे पडून गळायला आले होते.

"ताई, ह्या वनस्पतीला कोण छळतंय?"

"छळतंय कसलं? तळहातावरच्या फोडासारखं जपतोय तिला."

"मग ही सारखी मिटते कशाने? हे बघ, जबड्याच्या आत बारीक केस आहेत. केसाला लागोपाठ दोनदा धक्का लागला की तिला वाटतं, कीटक आला. ती मिटते. आत काही नसलं की मेहनत फुकट. असं पुन्हापुन्हा झालं की तो जबडा मरतो. कुणीतरी ह्यात बोट घालतंय."

"बोट कोण घालतंय! मी आपली नुसती पुसते."

"काय करतेस?"

"पुसते. फडक्याने. हे गच्चीवर गेले की."

धाकटी खुर्चीत बसली. मग तोंडावर पदर दाबून इतकी हसली की काकूंना पाणी आणावं लागलं. काकूंना मात्र हसू येत नव्हतं. आतल्या खोलीतून आरशाला उद्देशून आवाज येत होता, "सज्जनहो, आपल्यापासून कोट्यवधी मैलांवर असलेला हा ग्रह..."

"आत्ताच्या आत्ता सांग भाऊजींना," धाकटी डोळे पुसत म्हणाली.

"सांगते," काकू म्हणाल्या. आणि सांगितलं नाही.

सांगायचं कसं? ह्या माणसाने एवढ्यात पलंगाच्या कडेला बसून नाड्या बांधल्या नव्हत्या. तरी काकूंनी एक करून बघितलं. दुसऱ्या संध्याकाळी आकाश स्वच्छ होतं, काका वर गेले, आणि काकूंनी फडक्याला हात लावला नाही. काका खाली आले. माशीखाऊचे सगळे जबडे उघडे, जणू त्यांच्याकडे बघून हसताहेत. काकांचा रंग उडाला. त्यांनी कुंडी फिरवून बघितली, दुर्बिणीची काच पुसली. मग पलंगापाशी गेले आणि बूट शोधू लागले.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासून शनीची नोकरी काकूंनी पत्करली. सोपी नव्हती. गॅलरीतून आभाळ बघायचं, ढग असले तर स्वस्थ बसायचं, नसले तर पुसायचं. त्यातही रोपाचा जीव वाचावा म्हणून त्या एका दिवशी एकाच जबड्याला हात लावत. काका आनंदाने ओरडले, "बरोबर आहे! शनी हल्ली पृथ्वीपासून लांब चाललाय. प्रभाव कमी होणारच!" खोट्याला इतका शास्त्रशुद्ध आधार मिळालेला बघून काकूंना स्वतःचाच हेवा वाटला.

व्याख्यानाच्या संध्याकाळी मंडळाचं सभागृह भरलं, म्हणजे पुढच्या रांगा इमारतीने भरल्या आणि मागच्या पंख्याखाली बसायला आलेल्यांनी. व्हरांड्यात दुर्बीण, व्यासपीठावर टेबल, टेबलावर माशीखाऊ. फळ्यावर काकांच्या वळणदार अक्षरात 'शनी ग्रहाचा कीटकभक्षी वनस्पतीच्या हालचालीवर होणारा परिणाम'. मोठे साहेब पहिल्या रांगेत पाय पसरून बसलेले. काकूंच्या पर्समध्ये घडी केलेलं फडकं. बेत साधा होता: वक्त्याला पाणी द्यायचं निमित्त करून टेबलाशी जायचं आणि पेला ठेवता ठेवता काम उरकायचं.

काका बोलले छान. एकदाही अडखळले नाहीत. मग चिटणीसांनी व्हरांड्यातून, सरहद्दीवरून बातमी द्यावी तसं ओरडून सांगितलं, "शनी आला!"

सगळे माना लांब करून रोपाकडे बघू लागले. रोप स्वस्थ. पंखा घरघरत होता. वकीलबाईंनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाच माहीत. रोप स्वस्थच. मोठे साहेब खाकरले.

"तुमचा शनी आज रजेवर दिसतोय. अर्ज दिलाय का त्याने?"

हशा झाला. तोच, निरोपाच्या दिवसाचा. काकांचे कान लाल झालेले काकूंना तिसऱ्या रांगेतून दिसले. त्या उठल्या, पेला घेतला आणि व्यासपीठावर चढल्या. पेला टेबलावर टेकला, फडक्याचं टोक बोटावर आलं, आणि काकांचा आवाज कडाडला. हा आवाज घरातला नव्हता, बाजारातला होता.

"टेबलापासून दूर व्हा! तपासणी चालू असताना कुणीही जवळ यायचं नाही!"

संसाराला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत दुकानदारासारखं कुणी दटावण्याची ही पहिलीच वेळ. आठवडेच्या आठवडे ज्याच्यासाठी आभाळाकडे बघत मान अवघडून घेतली, तो हा माणूस! काकूंच्या डोक्यात सणक गेली.

"झाले हो दूर!" त्या म्हणाल्या. "मी दूर झाले तर ते जन्मात मिटायचं नाही!"



"म्हणजे?" काकांनी विचारलं.

"म्हणजे मी पुसते म्हणून मिटतं ते."

"कधी पुसतेस?"

"तुम्ही गच्चीवर गेलात की."

"आणि ढग असले तर?"

"ढग असले तर तुम्ही टेबल सोडता का? पुसू कशी?"

 काकूंनी मनाची तयारी केली. पण बघता बघता काकांच्या चेहऱ्यावर काहीतरी चढू लागलं, आणि तो राग नव्हता. सबंध नोकरीत त्यांनी किती खोटे तराजू धरले, पण दुकानदार दोष नेहमी उंदरावर किंवा हवेवर ढकलायचा. भर सभेत, साक्षीदारांसमोर, इतकी स्वच्छ कबुली त्यांना आजवर मिळाली नव्हती. त्यांनी कोटाच्या बाह्या सारख्या केल्या.

"मोठे साहेब, जरा व्हरांड्यात चला. दुर्बिणीला डोळा लावा. दिसतो शनी?"

"दिसतो. त्याचं कडंसुद्धा दिसतं," मोठे साहेब नाइलाजाने म्हणाले.

"बघत राहा. हलू नका." काका थांबले. रोप उघडंच. "आता दुर्बिणीला टोपण लावा. चिटणीस, आत या, व्हरांड्याचं दार बंद करा. शनीचा काही संबंध?"

"नाही," पुढच्या रांगा म्हणाल्या.

"आता पूस गं."

काकूंनी फडक्याचं टोक आत फिरवलं. जबडा मिटला. काकांनी फळ्याशी जाऊन स्वतःच्या वळणदार अक्षरांवर आडवी रेघ मारली, खोट्या वजनावर मारावी तशी, आणि ठणकावून सांगितलं, "शनी निर्दोष आहे!"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगांनी तर खूपच वाजवल्या. त्यांना सुरुवातीपासून काही कळलं नव्हतं, त्यामुळे शेवटी काही बदलल्याचंही जाणवलं नाही. मोठे साहेब मात्र व्हरांड्याच्या बंद दाराबाहेर राहिले होते आणि दार वाजवत होते. चिटणीसांनी आभार मानले. त्यात वेळात वेळ काढून आल्याबद्दल शनीचेही मानले.

घरी परतताना काका दुर्बीण खांद्यावर टाकून पुढे, काकू कुंडी सांभाळत मागे.  रस्त्याच्या दिव्याखाली काका थांबले.

"धाकटीला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे तुलाही माहीत झालं होतं. मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही परत बूट घातले असते."

काकांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग चार पावलं चालून पुन्हा थांबले.

"तरी एक कोडं राहतंच. एका संध्याकाळी शनी चांगला दिसत होता आणि रोप उघडं होतं. त्या दिवशी तू विसरलीस पुसायला?"

"विसरेन कशी? मुद्दाम नाही पुसलं."

"का?"

"शनीला एकट्याला जमतंय का, ते बघत होते."

काका दिव्याच्या खांबाला टेकले. इतके महिने, दुर्बीण, नोंदी, माशा, नगरपालिकेची तीन खाती. आणि सगळ्या संशोधनात धड असा एकच प्रयोग झाला होता, तोही त्यांनी केलेला नव्हता. सभेतल्या हशाने जे झालं नव्हतं ते आता झालं. काकांना मनापासून लागलं.

"आणि निष्कर्ष?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"नाही जमत त्याला," काकू म्हणाल्या, आणि कुंडी त्यांच्या हातात देऊन पुढे चालू लागल्या.